दुखतंय की टोचतंय?

"एका बोटानं दाखव की गं."

मैदानावर एखादी मुलगी पाय धरून बसली की अक्का एवढंच म्हणत. तिच्यासमोर उकिडव्या बसत, तिचा बूट स्वतःच्या हाताने काढत आणि वाट बघत. मुलीने सगळा तळहात मांडीवरून, पोटरीवरून फिरवला आणि "असं सगळंच दुखतंय ओ" म्हटलं, की अक्का बूट तिच्या हातात देऊन उठत. "चल, हळूहळू दोन चकरा मार. मग सांग." पण मुलीचं एकच बोट नेमक्या एका जागेवर जाऊन टेकलं, तर अक्कांचा चेहरा बदलत असे. आपला अंगठा त्या जागेवर ठेवून त्या अगदी बारीक आवाजात विचारत, "दुखतंय की टोचतंय?"

अक्का आमच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क. त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरची भाषा कन्नड, शाळेतली मराठी, आणि रागावल्यावर दोन्ही. पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषांचे बूट, गळ्यात शिट्टी. शाळा भरण्याआधी पहाटेपासून त्या शाळेमागच्या मैदानावर पोलीस भरतीच्या मुलींना पळवत. त्यांना हे काम कुणी सांगितलं नव्हतं. एका वर्षी दोन मुली आल्या, पुढच्या वर्षी दहा, मग मैदान भरलं. अशी एखादी बाई तुमच्याही गावात असेल. जाता-येता दिसते, शिट्टी ऐकू येते, आणि आपण म्हणतो, हिला घरी काही काम नाही का?

मीही तेच म्हणत असे. मग माझी साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी मैदानाच्या कडेकडेने फिरू लागलो. चार दिवस अक्कांनी बघितलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "भाऊसाहेब, नुसतं फिरून काय होतंय? थोड्या बैठका मारा की."

समोर पंचवीस-तीस मुली. मी जोरात बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यावरून कठडा धरून उलटा उतरलो. तिसऱ्या दिवशी दुखणं आणखी वाढलं. घरी पाटावर बसलो तर उठवायला बायको लागली. आत काहीतरी तुटलं या खात्रीने मी अक्कांकडे गेलो आणि म्हणालो, एक्स-रे फोटो काढावा लागेल.

"दोन्ही मांड्या?"

"दोन्ही."

"सारख्याच?"

"सारख्याच."

"चालायला लागलं की जरा सुटतंय?"

"सुटतंय जरा."

"मग फोटो कशाचा काढताय? बैठकांचा?"

मुली खो-खो हसल्या. अक्का मात्र हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अंगाला सवय नसली की असंच होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त, मग आपोआप उतरतं. आज बैठका नको. पण गादीवर पडून पण राहू नका, नाहीतर लाकूड होताल. हळू चाला." दोन दिवसांत मी बरा झालो. त्यानंतर त्यांनी माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि मी कधी त्यांचा मदतनीस झालो ते मला कळलंही नाही.

सोंग करणाऱ्या मुलीही असत. मोठ्या चकरांच्या दिवशी एकीचा गुडघा हमखास दुखायचा. एकदा अक्का तिला म्हणाल्या, "काल डावा होता की गं. रात्रीतनं उजवीकडं कसा गेला? बसनं का रिक्षानं?" ती लाजली आणि पळायला लागली. पण अक्कांनी तिलाही कधी खोटारडी म्हटलं नाही. "खोटं बोलली तर चकरा चुकतील, दुसरं काय? खरं लपवलं तर पाय जाईल," असं त्या मला म्हणाल्या होत्या. तेव्हा मला त्यात एवढं काही वाटलं नव्हतं.

कोमल आली ती थंडीच्या दिवसांत. तिचे वडील मूळचे सांगोल्याकडचे, आता चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला आणि तिथूनच जवळ वस्तीत राहायला. रात्रपाळी संपवून ते पोरीला मोटारसायकलवर घेऊन येत आणि ती पळत असताना भिंतीला टेकून डुलक्या काढत. तरुणपणी ते स्वतः मिलिटरी भरतीला गेले होते आणि छातीच्या मापात कमी पडले होते. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. "आमचं छातीत अडाकलं. हिचं काय अडाकत न्हाय बगा."

आणि खरंच तिचं काही अडत नव्हतं. कोमल पळायला लागली की बाकीच्या मुली कडेला सरून बघत राहत. आठशे मीटरमध्ये तिच्या जवळपासही कुणी नसे. स्टॉपवॉच दाबलं की मी आकडा दोनदा वाचून बघायचो. अक्का तिच्या तोंडावर तिचं कौतुक करत नसत. पण ती येण्याच्या वेळेला त्या फाटकाकडे बघत, हे मी पाहिलं होतं.

अक्कांची एक सवय होती. मुली पळू लागल्या की त्या पाठ करून उभ्या राहत आणि नुसत्या पावलांचा आवाज ऐकत. भरतीची तारीख लागली, त्या आठवड्यातली गोष्ट. त्या अशाच पाठ करून उभ्या होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "कोण लंगडतंय?"

मी बघितलं. कुणीच लंगडत नव्हतं.

"नीट बघा भाऊसाहेब. डावा पाय कुणीतरी लवकर उचलतंय."

कोमल होती. अक्कांनी तिला थांबवलं, समोर बसवलं. "दाखव."

कोमलने दोन्ही नडग्यांवरून दोन्ही तळहात वरून खाली फिरवले. "दोनी बी भरून आल्यात, अक्का. काल चढावर पळाले नव्हं का, त्येनं."

अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. उत्तर बरोबर होतं. फार बरोबर होतं. त्या मैदानावर इतके महिने काढलेल्या प्रत्येक मुलीला आता ठाऊक झालं होतं की तळहात फिरवला की पळायला मिळतं आणि एक बोट ठेवलं की घरी बसावं लागतं. त्या दिवशी अक्कांनी तिला सोडलं. पण मुली गेल्यावरही त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "मला ही पोरगी खरं सांगणार नाही."

पुढे तीन-चार दिवसांनी मी मैदानाच्या नळावर गेलो तर कोमल पाठमोरी उभी राहून गोळी गिळत होती. मला पाहून तिने पाकीट मुठीत दाबलं. मी सरळ अक्कांकडे गेलो आणि सांगितलं.

"बा इल्ली," अक्कांनी हाक मारली. इकडे ये. कन्नडमध्ये हाक आली की मुली सरळ होत.

या वेळी त्यांनी दाखव म्हटलं नाही. तिचा पाय मांडीवर घेतला आणि तिच्या आईची चौकशी करू लागल्या. गावाकडं डाळिंब कसं आहे, पाण्याचा टँकर येतोय का, असं काहीबाही. बोलता बोलता त्यांचा अंगठा गुडघ्याखालून नडगीच्या आतल्या कडेने हळूहळू खाली सरकत होता. कोमल नीट उत्तरं देत होती. एका जागी अंगठा आला आणि तिचं वाक्य अर्धवट राहिलं. ओरडली नाही. शेजारचं वाळलं गवत तिच्या मुठीत उपटून आलं होतं.

"किती दिवस?"

कोमल खाली बघत राहिली.

"आधी पळून झाल्यावर टोचायचं ना? आता?"

"आता पळताना बी."

"आणि झोपल्यावर?"

कोमलच्या डोळ्यांत पाणी आलं. "कूस बदलली की ठणकतंय, अक्का. पण गोळी घेतली की जातंय. खरंच जातंय ओ."

"साकु," अक्का म्हणाल्या. साकु म्हणजे पुरे. त्या शब्दावर मैदान थांबत असे.

त्याच दिवशी आम्ही तिला हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिचे वडीलही आले. डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे होते. फोटो काढला. फोटोत काही दिसत नव्हतं. वडिलांनी हात जोडून छताकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "थांबा. सुरुवातीला हे फोटोत दिसतच नाही बऱ्याचदा. हाडावर सारखा ताण येऊन बारीक तडा जायची ही तयारी असू शकते. एकाच जागी दुखतंय, रात्री दुखतंय, सूज आहे. माझं मत विचाराल तर दीड महिना पळणं बंद. हवं तर एमआरआय करू, म्हणजे नक्की कळेल."

भरतीला तीन आठवडेही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या कपड्यांतच वडील मैदानावर आले. कोमल त्यांच्या मागे होती, पायात बूट घालून.

"अक्का, डाक्टर सुदीक म्हनला, फोटोत काय न्हाय. मग पळू द्या की. थोडंबहुत दुखतंच. कुनाला दुखत न्हाय? मी आख्खी पाळी मशिनीम्होरं हुबा ऱ्हातो, माजं दुखत न्हाय व्हय?"

"दुखतंय की. कुठं दुखतंय तुमचं?"

"कुटं म्हंजी? हे असं सगळं." त्यांनी पोटऱ्यांवरून हात फिरवला.

"आता तिला विचारा. मला नको सांगू दे. तुम्ही बाप आहात, तुम्ही विचारा."

ते वळले. "कोमे, कुटं दुखतंय गं?"

कोमलने एकदा अक्कांकडे आणि एकदा वडिलांकडे बघितलं. मग ती वाकली आणि डाव्या नडगीवर एक बोट ठेवलं. बोट उचललं आणि पुन्हा बरोबर तिथेच ठेवलं.

वडील त्या बोटाकडे बघत होते.

"मग करायचं काय?"

"थांबायचं."

"आन् भरती? फुडली कदी निगंल, तुमाला म्हाईत हाय?"

ते अक्कांनाही ठाऊक नव्हतं. वडील पोरीला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवसापासून कोमल यायची बंद झाली.

अक्का रोज फाटकाकडे बघत. मुलींवर विनाकारण खेकसत. आठवडा गेला आणि चिंचोळीकडून येणाऱ्या एका मुलीने सांगितलं की कोमल पहाटे एमआयडीसीच्या डांबरी रस्त्यावर पळते, एकटीच.

"भाऊसाहेब, गाडी काढा."

माझ्या स्कूटरवर अक्का मागे बसल्या आणि आम्ही पुणे रस्त्याला लागलो. एमआयडीसीत शिरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. कारखान्यांची पाळी सुटत होती, मालट्रक ओळीने उभे होते. त्या ट्रकांच्या पलीकडून कोमल पळत येताना दिसली. आता मलाही आवाज कळला. एक पाऊल पूर्ण पडत होतं, दुसरं नुसतं टेकत होतं.

स्कूटर थांबायच्या आत अक्का उतरल्या आणि पदर खोचून तिच्यामागे पळू लागल्या. निवृत्तीला आलेली ती बाई, ते पुरुषी बूट. ट्रकवाले हसत होते. मला हसू आलं नाही. कोमलने मागे बघितलं आणि वेग वाढवला. मग अक्कांना ठेच लागली, त्या हातांवर पडल्या. कोमल थांबली आणि उलट पळत आली.

आम्ही तिघं तिथल्या रस्त्याखालच्या एका मोरीच्या कठड्यावर बसलो. अक्कांचे तळहात सोलवटले होते. कोमल ओढणीने ते पुसत होती आणि रडत होती. वडिलांना ती दादा म्हणे. "दादांनी समद्या कारखान्यात सांगून ठेवलंय, अक्का. पोरगी पोलीस झाली म्हून. आत्तापास्नंच सायेब म्हनत्यात त्यास्नी. मी कसं थांबू?"

मग अक्कांनी जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

"सविता म्हणून एक मुलगी होती माझ्याकडं. खो-खोची. तुझ्यासारखीच होती, वाऱ्यासारखी. ती सांगायची, अक्का, इथं टोचतंय. असं बोट ठेवून सांगायची. मी म्हणायचे, टोचू दे. पायाचे लाड केले की पाय डोक्यावर बसतो. मला वाटायचं, दुखल्याशिवाय खेळाडू होत नाही. मग फायनलला ती खांबाला वळली आणि आवाज आला. मला वाटलं कुणीतरी वाळकी काटकी मोडली. काटकी नव्हती ती."

मोरीखालून पाणी वाहत होतं. कोमलचं रडणं थांबलं होतं.

"आत सळई घातली. आता तिला खाली मांडी घालून बसता येत नाही. पोरांना मांडीवर घेता आलं नाही तिला नीट. रस्त्यात भेटली तर अजून मला अक्का म्हणून हाक मारते. चांगली बोलते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

कोमल म्हणाली, "मग मी जाऊच नको भरतीला?"

मला वाटलं, अक्का नाही म्हणणार. पण त्या म्हणाल्या, "मी नको म्हणून तू थांबणार आहेस का? नाही थांबणार. मग ऐक. आजपासून त्या दिवसापर्यंत पळायचं नाही. एक पाऊल पण नाही. सायकल चालव, गोळाफेक कर. गोळ्या बंद. गोळी दुखणं काढत नाही, नुसतं झाकून ठेवते. त्या दिवशी जा. आणि तिथं ते टोचायला लागलं, वाढत गेलं, तर पोलीस थांबवायची वाट बघायची नाही, अक्काची वाट बघायची नाही. तू थांबायचं. जमेल?"

कोमलने मान हलवली. जमेल म्हणाली की नाही, ते मला त्या मान हलवण्यावरून कळलं नाही.

पुढचे दिवस ती रोज मैदानावर आली. सायकल घेऊन आली, गोळा फेकत राहिली. बाकीच्या मुली पळत असताना ती पाठ करून बसायची. वडील तिला सोडायला येत, पण आता भिंतीपाशी थांबत नसत. अक्कांकडे न बघताच गाडी वळवत.

भरतीच्या दिवशी मैदानाबाहेर आईबापांची गर्दी होती. आत सोडत नव्हते. रस्त्यामधल्या दुभाजकावर चढलं की कुंपणावरून धावपट्टीचा पलीकडचा भाग दिसायचा. मी वर चढलो. कोमलचे वडीलही चढले. अक्का खालीच उभ्या राहिल्या, कुंपणाकडे पाठ करून. पण एवढ्या गोंगाटात त्यांना काय ऐकू येणार?

शंभर मीटर आणि गोळा आधी झाले होते. दोन्ही चांगले गेल्याचा निरोप एका मुलीकडून आला होता. आता आठशे.

"सुटल्या," मी म्हटलं.

"कशी आहे?"

"पुढं आहे. पहिल्या दोघींत."

पहिली चक्कर संपली. कोमल सगळ्यांच्या पुढे होती. तिचे वडील दुभाजकावर नाचत होते, "पळ कोमे, पळ!" आवाज आत पोचण्याची शक्यताच नव्हती.

"पाय कसा पडतोय?" खालून अक्का.

"नीट दिसत नाही इथनं."

पलीकडच्या वळणावर ती पुन्हा दिसली. अजून पुढेच होती. आणि मग तिचा वेग कमी झाला. एक मुलगी तिला मागे टाकून गेली. दुसरी गेली.

"काय झालं? बोला की भाऊसाहेब!"

"थांबली."

अक्का गर्रकन वळल्या. त्यांनी माझा पाय धरला. "पडली का थांबली?"

"थांबली. पट्टीच्या बाहेर आली. उभी आहे."

"दोन्ही पायांवर?"

"दोन्ही पायांवर."

त्यांनी माझा पाय सोडला नाही. शेजारी कोमलचे वडील कुंपणाकडे बघत तसेच उभे होते. मग ते खाली उतरले, अक्कांच्या समोर आले. मला भीती वाटली. ते एवढंच म्हणाले, "तुमी तिच्या डोस्क्यात भ्या भरलं." आणि गर्दीतून निघून गेले. पोरीसाठी थांबलेही नाहीत.

कोमल बाहेर आली ती चालत. "अक्का, मी म्होरं हुते ओ," ती म्हणाली. "सगळ्यांच्या म्होरं हुते." अक्कांनी तिला जवळ घेतलं. बरं झालं, हुशार आहेस, असलं काही त्या बोलल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर रिक्षात त्यांनी मला विचारलं, "मी चुकले असेन तर? कदाचित काहीच झालं नसतं. अर्धी चक्कर तर राहिली होती."

मग एमआरआय झाला. हाडात तडा सुरू झालेला होता. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, ती पूर्ण पळाली असती तर मोडलं असतं का? ते म्हणाले, "ते कुणीच सांगू शकत नाही. कदाचित मोडलं असतं, कदाचित नसतंही. आत्ता हे भरून येईल, एवढं मी सांगू शकतो." मी ते जसंच्या तसं अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढं बास." पण त्यांना ते पुरलं नसावं. त्या उन्हाळ्यात त्या वाळल्या.

कोमलचे वडील त्यांच्याशी बोलत नव्हते. लोकही कुजबुजत, जिंकणारी पोरगी बाईंनी थांबवली म्हणून. मैदानावरच्या मुली कमी झाल्या. अक्का तरीही रोज येत. पाय बरा झाल्यावर कोमल आली, आधी नुसती चालायला, मग चार पावलं पळून चार पावलं चालायला. तिच्या अंगातली घाई गेली नव्हती. अक्का तिला मागे खेचत. "आज जेवढं पळावंसं वाटतंय त्याच्या निम्मं." पुढचा दिवस दुखण्याशिवाय गेला तरच त्या वाढवत. कधी पोटऱ्या भरून आल्या की कोमल घाबरून जाई. मग अक्का दोन्ही पाय दाबून हसत. "अगं, हे चांगलं दुखणं आहे. आता याला पण भिणार का?" न भिता दुखायला शिकायलाच तिला जास्त वेळ लागला.

तेवढ्यात अक्का निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला, नारळ-शाल झाली, आणि त्या गावी भावाकडे राहायला गेल्या. कोमलची तयारी राहिली माझ्यावर आणि फोनवर. मी वेळ सांगायचो, त्या तिकडून कमी करा म्हणायच्या. पुढची भरती निघायला वर्षापेक्षा जास्त गेलं.

या वेळी मी दुभाजकावर एकटाच चढलो होतो. मागून कुणीतरी आधाराला हात लावला. कोमलचे वडील. मी सरकून त्यांना जागा दिली. ती पळाली. पहिली चक्कर झाली, मग दुसरीतलं तेच पलीकडचं वळण. तिथं आल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मला म्हणाले, "भाऊसायेब, तुमी बगा."

मी बघितलं. ती वळण ओलांडून गेली.

बाहेर आल्यावर ती आधी माझ्याकडे आली. "अक्कास्नी फोन लावा."

लागला. तिने स्पीकर चालू केला. पहिला प्रश्न वेळेचा नव्हता.

"पाय कसाय?"

"बरा हाय, अक्का. दोनी बी भरून आल्यात. लई दुखाल्यात. टोचत कुटंच न्हाय."

मग अक्का म्हणाल्या, "बरं. आता घरी जा. दोन दिवस बूट घालू नको."

वडिलांनी फोन घेतला. "अक्का..." म्हणाले आणि पुढे त्यांना काही बोलता येईना. फोन तसाच चालू होता. शेवटी कुणीतरी बंद केला.

संध्याकाळी दिवेलागणीला मी पुन्हा फोन केला. कोमलला किती गुण पडले, यादीत नाव येईल असं सगळे म्हणतायत, हे सांगायचं होतं. फोन त्यांच्या वहिनींनी उचलला.

"ताई झोपल्यात ओ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दुपारी तुमचा फोन आला ना, त्यानंतर आत गेल्या आणि जमिनीवरच पडल्या. ताई दुपारच्या कधी झोपत नाहीत. आम्हाला तर भीतीच वाटली. दोनदा जाऊन श्वास बघून आले. नीट चाललाय. जेवायला उठवू का?"

"नको," मी म्हटलं. "झोपू द्या."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवायच्या आधी दार हळूच ओढून घेतल्याचा आवाज आला.